मोठ्याने वाचून दाखवण्याची चित्रपुस्तके : तुमचे अनुभव लिहा

निमंत्रण

लहान मुलांना कोणती चित्रपुस्तके वाचून दाखवावीत, असे अनेक पालक विचारतात आणि उत्तरादाखल त्यांना बहुधा नावांची यादी मिळते. यादीवरून पुस्तक विकत घेता येते. परंतु ते मुलाच्या रोजच्या मागणीचे होईल की कपाटात पडून राहील, हे तिच्यावरून समजत नाही. म्हणून येथे पुस्तकाच्या नावाबरोबर, त्या पुस्तकाचे तुमच्या घरात किंवा वर्गात पुढे काय झाले, हेही सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. मूल किती वर्षांचे होते, त्याने ते पुन्हा मागितले का, कोणत्या पानावर ते रेंगाळले, आणि तेच पुस्तक वारंवार वाचताना वाचणाऱ्याचा उत्साह टिकला का, हे इतर पालकांना फार उपयोगी पडेल.

माझे मत आधीच सांगते. मजकुरात मांजर खुर्चीवर बसले आहे आणि चित्रातही खुर्चीवर बसलेले मांजर एवढेच आहे, अशा पुस्तकात मुलाला शोधण्यासारखे काही उरत नाही. चित्राने शब्दांच्या पुढे जाऊन काही सांगितले पाहिजे, आणि वाक्ये अशी हवीत की ती मोठ्याने म्हणताना वाचणाऱ्याला अडखळावे लागू नये. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेली पुस्तके मी सुचवत नाही.

आई, पुणे

माझ्या मुलीला अडीच वर्षांची असल्यापासून मी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके वाचून दाखवत आहे. सुरुवात ज्योत्स्ना प्रकाशनाच्या ‘राधाचं घर’ या छोट्या पुस्तकांच्या संचापासून झाली. राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, एवढाच त्याचा विषय आहे. परंतु त्यातील वाक्ये घरात खरोखर बोलली जाणारी आहेत, त्यामुळे ती वाचताना वेगळा ‘गोष्टीचा आवाज’ काढावा लागत नाही. लेखन आणि चित्रे एकाच व्यक्तीची असल्यामुळे किती शब्दांनी सांगायचे आणि किती चित्रावर सोपवायचे, याचा तोल फार सुरेख सांभाळलेला आहे. काही दिवसांतच माझी मुलगी राधाच्या घरातल्या माणसांच्या जागी आमच्या घरातली माणसे घालून सगळे पुस्तक स्वतः ‘वाचू’ लागली. अक्षरओळख नसताना पाने उलटत केलेल्या या वाचनाला मी फार महत्त्व देते, कारण पुस्तकाचा आरंभ कुठे होतो, पान कोणत्या दिशेने उलटते आणि त्या काळ्या खुणांमध्ये बोलणे साठवलेले असते, हे तिला त्यातून आपोआप समजले.

चौथ्या वर्षाच्या सुमारास पुरंदरे यांच्याच ‘यश’ या मुलाच्या गोष्टी आल्या. ‘मोठी शाळा’, ‘हात मोडला’, ‘कंटाळा’, ‘मामाच्या गावाला’ ही नावे पाहिली तरी विषय मुलांच्या रोजच्या जगातले आहेत, हे लक्षात येते. मुलाला वाटणारी भीती किंवा कंटाळा येथे दुरुस्त करण्याची गोष्ट मानलेला नाही, आणि म्हणूनच शाळा सुरू होण्याआधी ‘मोठी शाळा’ वाचताना माझी मुलगी आपल्या मनातले प्रश्न यशच्या नावाने विचारत असे.

याच लेखिकेचे ‘चित्रवाचन’ हे पुस्तक मात्र वेगळ्या प्रकारे वाचावे लागते. त्यात वाचून संपवण्याची गोष्ट नाही. चित्रे निरखायची आणि त्यांविषयी बोलायचे. एका चित्रावर संपूर्ण संध्याकाळ गेली तरी चालते. आमच्याकडे कोपऱ्यातल्या, कोणाचे सहज लक्ष जाणार नाही अशा माणसांना नावे मिळाली आणि प्रत्येकाची हकीकत तयार झाली. पुरंदरे यांना 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि 2016 मध्ये पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार मिळाला. परंतु अनेक सुशिक्षित घरांत इंग्रजी चित्रपुस्तकांचा ढीग असतो आणि ही पुस्तके नसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आजोबा, सातारा

नातू तीन वर्षांचा आहे. आमच्या दोघांचे आवडते पुस्तक म्हणजे अशोक राजगोपालन यांचे ‘गजपती कुलपती’. गजपती कुलपती हा गावातला भला मोठा हत्ती. त्याला सर्दी होते आणि शिंक येऊ लागते. ती शिंक नेमकी कोणत्या क्षणी काढायची, हा आमच्या वाचनातला सर्वांत मोठा आनंद आहे. पान उलटण्यापूर्वी मी मुद्दाम थांबतो, नातू श्वास रोखून धरतो आणि मग दोघे मिळून शिंकतो. हे पुस्तक चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचे आहे. 1996 मध्ये सुरू झालेली ही संस्था मराठीसह अनेक भारतीय भाषांत चित्रपुस्तके काढते. संध्या राव यांनी लिहिलेले आणि नीना सबनानी यांनी सजवलेले आईच्या साडीविषयीचे पुस्तकही त्यांचेच असून त्यात खऱ्या साड्यांची छायाचित्रे वापरली आहेत. ते पाहिल्यावर नातवाने आजीच्या कपाटातील साड्या एकेक करून बाहेर काढायला लावल्या आणि पुस्तकातल्या पोतांशी बोटांनी ताडून पाहिल्या.

माझ्या वयाच्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. आपल्याला गोष्ट पुढे नेण्याची घाई असते, परंतु मुलाची नजर चित्रावरून उठेपर्यंत पान उलटू नये.

प्राथमिक शिक्षिका, पालघर जिल्हा

वरील अनुभव एका मुलाला मांडीवर घेऊन वाचण्याचे आहेत. माझ्यासमोर पहिली-दुसरीची मिळून तीसच्या आसपास मुले असतात, त्यांतील बहुतेकांची घरची बोली वारली आहे आणि पुस्तकातील प्रमाण मराठी त्यांना नवीन असते. अशा वर्गात पुस्तक निवडताना मी सर्वप्रथम चित्राचा आकार पाहते, कारण मागच्या रांगेतल्या मुलाला चित्र दिसले नाही तर त्याच्यासाठी ती केवळ अनोळखी भाषेतली बडबड ठरते. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेची शृंगेरी श्रीनिवासची केस कापण्याची गोष्ट याचे उत्तम उदाहरण आहे. श्रीनिवासचे केस फार वाढलेले आहेत आणि ते कापून द्यायला कोणालाच सवड नाही. तो न्हाव्याकडे जातो, बायकोला विनवतो, शिंप्याकडे आणि सुताराकडे जातो आणि सगळीकडून नकार घेऊन परततो. प्रसंग त्याच घाटाने पुन्हा येतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या नकारापर्यंत मुलांना पुढे काय होणार याचा अंदाज येतो आणि भाषा अर्धवट समजणारे मूलही नकाराच्या त्या वाक्यात सामील होते. रोहिणी निलेकणी यांनी ‘नोनी’ या टोपणनावाने लिहिलेली ही गोष्ट 8 सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनानिमित्त देशभर अनेक ठिकाणी वाचली गेली आहे.

प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य उपलब्ध आहेत आणि मुक्त परवान्यामुळे ती छापून वर्गात वापरता येतात. तेथे कोरकूसारख्या भाषेतही पुस्तके आहेत, ही मेळघाटातील शिक्षकांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी बाब आहे. पडद्यावर मोठे चित्र दाखवणे सोयीचे असले, तरी मुलाने हातात घेऊन चाळावे यासाठी छापील प्रत मात्र हवीच.

आमच्या भागासाठी एका पुस्तकाचा विशेष उल्लेख करते. चेन्नईच्या तारा बुक्सने 2009 मध्ये ‘डू!’ हे पुस्तक काढले, त्यातील चित्रे रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आणि त्यांच्या सहकारी वारली चित्रकारांची आहेत. प्रत्येक पानावर एकेक क्रिया आणि ती करणारी अनेक माणसे, असे त्याचे साधे स्वरूप असून ते तपकिरी कागदावर पांढऱ्या रंगात हाताने छापलेले आहे. मजकूर इंग्रजी, तोही जेमतेम, त्यामुळे ते मराठीत आणि मुलांच्या बोलीत विनासायास वाचता येते. जी चित्रशैली मुलांनी घराच्या भिंतींवर पाहिली, तीच पुस्तकात आहे हे कळताच एरवी गप्प बसणारी मुले पुढे आली आणि कोण काय करत आहे, हे मला त्यांच्या बोलीत समजावून सांगू लागली. त्या तासाला शिकवणारी मी नव्हते. वाडा तालुक्यात काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ संस्थेच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात मुलांच्या पुस्तकांतील गोष्टी कलाकार शाळांमध्ये सादर करतात. शक्य असलेल्या शिक्षकांनी तो अवश्य पाहावा, कारण आवाज आणि थांबणे यांचा वापर कसा करावा, हे त्यातून प्रत्यक्ष दिसते.

बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

वाचून दाखवणे केव्हा सुरू करावे, हे मला वारंवार विचारले जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये तान्हेपणापासूनच वाचून दाखवण्याची शिफारस केली आणि माझाही सल्ला तोच आहे. सहा महिन्यांच्या बाळासाठी जाड पुठ्ठ्याचे, मोठ्या आणि ठळक चित्रांचे पुस्तक पुरते. ते बाळ चावणार, आपटणार, हे धरूनच चालावे. पुढे दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘हे काय?’ एवढेच न विचारता ‘हा आता काय करेल?’ असे विचारावे आणि त्याच्या उत्तरात एखादा शब्द जोडून ते परत म्हणावे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा प्रकारे वाचणाऱ्या घरांतील मुलांच्या बोलण्यात महिन्याभरातच फरक आढळला होता.

वडील, कॅलिफोर्निया

येथील सार्वजनिक ग्रंथालयात चित्रपुस्तकांचे भांडार आहे, परंतु मराठी पुस्तके मिळत नाहीत. भारतातून आणलेली पुस्तके आहेतच. शिवाय ग्रंथालयातील इंग्रजी पुस्तकेही आम्ही चित्रांच्या आधाराने मराठीतच सांगतो. एरिक कार्ल यांचे 1969 मधले खादाड सुरवंटाचे पुस्तक यासाठी सर्वांत सोपे ठरले. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन प्लम, अशी वाढत जाणारी फळे आणि प्रत्येक फळात सुरवंटाने पाडलेले खरेखुरे भोक. त्या भोकांत बोट घालत माझा मुलगा मराठी वार आणि अंक शिकला. शाळेत त्याला इंग्रजी वार आधीच येत होते; मराठी वार मात्र त्याला या पुस्तकामुळे हवेसे वाटले.

चार वर्षांचा असताना त्याला अनावर राग येत असे. त्या काळात मॉरिस सेंडाक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे 1963 मधले पुस्तक आम्ही असंख्य वेळा वाचले. आई रागावून मॅक्सला उपाशी झोपायला पाठवते आणि त्याच्या खोलीचे जंगल होऊ लागते. जसजसे जंगल वाढते, तसतशी पानांवरील चित्रेही मोठी होत जातात आणि धिंगाण्याच्या ऐन भरात सलग तीन दुपानी चित्रांवर एकही शब्द उरत नाही. तेथे मी गप्प राहतो आणि मुलगा पलंगावर मनसोक्त नाचतो. शेवटी मॅक्स परततो तेव्हा खोलीत जेवण ठेवलेले असते आणि ते अजून गरम असते. रागावलेल्या मुलाला समजावण्याचा आव या पुस्तकात कोठेही नाही, तरी मुलगा त्या शेवटाजवळ दरवेळी शांत होत असे. भीतीदायक चित्रांमुळे काही पालक हे पुस्तक टाळतात. मी तसे करू नये असे म्हणेन, मात्र पहिल्या वाचनाच्या वेळी मूल अगदी जवळ असावे.

ग्रंथपाल, गोवा

आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरी कोकणी बोलली जाते, शाळेत मराठी किंवा इंग्रजी असते, त्यामुळे एकाच बैठकीत तीन भाषा येतात आणि मुलांना त्यात काही विशेष वाटत नाही. पणजीतील ‘बुकवर्म’ने 2005 पासून मुलांच्या वाचनालयाचे आणि वस्त्या-शाळांपर्यंत पुस्तके नेण्याचे जे काम केले आहे, त्यातून आम्ही बरेच शिकलो. चित्रपुस्तके मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडावीत. कणा बाहेर ठेवून रांगेत लावलेले पुस्तक अक्षरे न येणाऱ्या मुलासाठी नसल्यासारखेच असते. फाटलेली पाने चिकटवून पुस्तक फिरते ठेवावे. सर्वांत जास्त चिकटपट्ट्या असलेली पुस्तके कोणती, हे पाहून आम्ही पुढची खरेदी करतो.

आई, नागपूर

माझा मुलगा सहा वर्षांचा असून आता स्वतः वाचतो, आणि वाचता येऊ लागल्यावर वाचून दाखवणे थांबवावे, असे मला अनेकांनी सुचवले. मी थांबवलेले नाही. स्वतः वाचताना त्याची सगळी शक्ती जोडाक्षरे उलगडण्यात जाते, तर माझ्या वाचनात त्याला गोष्टीकडे आणि चित्राकडे लक्ष देता येते, आणि तो स्वतः वाचू शकेल त्यापेक्षा बऱ्याच वरच्या पातळीची भाषा तो आवडीने ऐकतो. या वयासाठी माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’ मी सुचवते. बालगट आणि कुमारगट असे त्याचे प्रत्येकी दोन भाग असून मराठी साहित्यातील निवडक उताऱ्यांच्या जोडीला त्यात भारतीय चित्रकलेचे नमुने दिलेले आहेत. बालगटाचा पहिला भाग आधी घ्यावा, क्रमाने वाचण्याचा आग्रह धरू नये आणि कोणते पान उघडायचे हे मुलाला ठरवू द्यावे. आमच्याकडे तो आधी चित्र निवडतो, आणि त्या चित्राशेजारी जो मजकूर असेल तो मी वाचते.