वॉलेसपटांचे धुके : स्वतंत्र शैली की नुसती सजावट?

मूळ धागा

पश्चिम जर्मनीत १९५९ ते १९७२ या काळात रिआल्टो या निर्मितीसंस्थेने एडगर वॉलेस या इंग्रज लेखकाच्या रहस्यकथांवर तीसहून अधिक चित्रपट काढले. जुन्या जर्मन गुन्हेपटांचा विषय निघाला की जाणकार दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या ‘एम’पाशी (१९३१), म्हणजे लहान मुलांच्या खुन्याच्या शोधावरच्या चित्रपटापाशी, थांबतात आणि या वॉलेसपटांची ‘गल्लाभरू’ म्हणून बोळवण करतात. मला हे अन्यायाचे वाटते. कथानके ठोकळेबाज आहेत यात वाद नाही, परंतु कॅमेरा आणि प्रकाशयोजना यांकडे पाहिले तर त्यांची स्वतःची, ओळखू येणारी दृश्यशैली आहे, असे माझे ठाम मत आहे.

आल्फ्रेड फोररने दिग्दर्शित केलेला ‘डी टोटेन आउगेन फॉन लंडन’ (१९६१) पाहा. मोठ्या रकमेचा विमा उतरवलेली माणसे एकामागून एक थेम्स नदीत मृतावस्थेत सापडतात आणि संशय अंधांच्या एका टोळीकडे वळतो. या चित्रपटात एक माणूस पाण्याच्या फवाऱ्याने दात धुतो आणि ते दृश्य आपण चक्क त्याच्या तोंडाच्या आतून पाहतो: पुढे दातांची रांग, त्यापलीकडे खोली. कथेला या कोनाची काडीचीही गरज नाही. पण पाहणे हीच गोष्ट धोक्याची आहे, ही भावना अशा कोनांतून, काळ्या चष्म्यांतून आणि अंधांच्या नजरेतून साचत जाते. हॅम्बुर्ग आणि बर्लिनमध्ये उभे केलेले हे लंडन खोटे आहे, हे धुके लपवते. मात्र तेच धुके माणसाला हातभर अंतरावर येईपर्यंत दिसू देत नाही, आणि भीती तिथेच निर्माण होते.

पहिला प्रतिसाद

आपला जिव्हाळा समजतो, पण मत पटत नाही. ‘एम’च्या सुरुवातीला लहानगी एल्सी जाहिरातींच्या खांबावर चेंडू आपटत उभी असते. खांबावर खुन्याची माहिती देणाऱ्यास दहा हजार मार्कांचे बक्षीस लावल्याचे पत्रक आहे, आणि त्याच पत्रकावर एका पुरुषाची सावली येऊन पडते. पुढे खून दिसत नाही. रिकामा जिना, जेवणाच्या मेजावरची रिकामी ताटली, गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा एवढेच दिसते. त्या सावलीत एका भेदरलेल्या शहराचे सगळे चित्र आहे. वॉलेसपटांतली सावली फक्त ‘आता दचका’ असे सांगते.

माझा खरा आक्षेप याहून गंभीर आहे. महायुद्ध संपून पंधरा वर्षेही झाली नव्हती, खुनाचा आणि अपराधाचा प्रश्न जर्मन समाजाच्या उंबरठ्यावर उभा होता, आणि अशा वेळी हे चित्रपट सगळे खून इंग्लंडातल्या सरदारांच्या वाड्यांत नेऊन ठेवतात. दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. लांगने जर्मनीत परतून १९६० मध्ये डॉ. माबुझे या काल्पनिक गुन्हेगाराच्या हजार डोळ्यांवरचा चित्रपट केला. त्यातल्या हॉटेलवर पाळत ठेवणारी यंत्रणा नाझी काळात बसवलेली आहे. भूतकाळ भिंतींत शिल्लक आहे, हे तो गुन्हेपटाच्या चौकटीतच सांगतो.

दुसरा प्रतिसाद

तंत्राच्या अंगाने थोडे लिहितो. प्रकाशयोजनेचे कसब आशयाला बांधलेले नसते. ते कारागिरांबरोबर प्रवास करते. म्युनिकच्या एमेल्का स्टुडिओत तयार झालेला छायालेखक योसेफ विर्शिंग मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आला, १९३६चा ‘अछूत कन्या’ त्याने टिपला आणि पुढे १९४९च्या ‘महल’मधला अंधारही त्याचाच. त्या अंधाराला कोणी उसनी सजावट म्हणत नाही, कारण तो तिथल्या कथेत मुरला आहे. म्हणून छाया कुठून आली यापेक्षा ती त्या चित्रपटात मुरली का, हे विचारावे. फोररच्या चांगल्या तीन-चार चित्रपटांत ती मुरली आहे असे मला वाटते. सगळ्या मालिकेबद्दल तसे म्हणता येणार नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

पहिल्या प्रतिसादात ज्या माबुझेपटाचा दाखला दिला आहे, त्याचा छायालेखक कार्ल ल्योब होता, आणि ‘डी टोटेन आउगेन’चा छायालेखकही तोच. म्हणजे एका वर्षाच्या अंतराने एकाच माणसाने दोन्हींना प्रकाश दिला. मग एका ठिकाणी तो कलावंत आणि दुसऱ्या ठिकाणी सजावटकार कसा ठरतो?

इंग्लंडात पळ काढल्याचा आरोपही मला अर्धाच पटतो. वॉलेस जर्मनांना युद्धापूर्वीपासून प्रिय होता; ‘डेर त्सिंकर’ ही त्याची कथा जर्मन पडद्यावर १९३१ मध्येच आली होती आणि फोररने ती १९६३ मध्ये पुन्हा केली. साठच्या दशकातला प्रेक्षक त्या कथांकडे वळला, तो ओळखीच्या, मध्येच तुटलेल्या वाचनाकडे परतत होता. शिवाय या चित्रपटांत प्रतिष्ठित वकील, डॉक्टर, धर्मगुरू हेच पुन्हा पुन्हा गुन्हेगार निघतात. त्या काळच्या जर्मन प्रेक्षकाला ते निव्वळ परदेशी वाटले असेल, हे मला संभवनीय वाटत नाही.

पहिल्या प्रतिसादकाचे प्रत्युत्तर

ल्योबचे उदाहरण माझ्याच बाजूने जाते. छायालेखक तोच, दिवे तेच, तरी एका चित्रपटात पाळतीचा अर्थ लागतो आणि दुसऱ्यात दातांमागून पाहण्याची गंमत तेवढी उरते, कारण फरक दिग्दर्शकाच्या हेतूत आहे. प्रतिष्ठित खुनी तर इंग्रजी रहस्यकथेतही पानोपानी सापडतात. त्यावरून जर्मन आत्मपरीक्षण सिद्ध होत नाही.

तिसरा प्रतिसाद

आपण दोघेही कृष्णधवल काळातच अडकला आहात. १९६६ पासून मालिका रंगीत झाली आणि तिथे तिची शैली संपली, असे सर्रास म्हटले जाते. मला उलट वाटते. फोररच्याच ‘डेर म्योंख मिट डेर पाइट्शे’मध्ये (१९६७) लालभडक झग्यातला, टोपीआड चेहरा झाकलेला मारेकरी पांढरा चाबूक घेऊन मुलींच्या वसतिगृहाभोवती फिरतो. इथे लपायला सावली लागतच नाही. रंगच अंगावर येतो. लांगच्या परंपरेशी याचे काही नाते नाही, आणि म्हणूनच हे चित्रपट स्वतंत्र आहेत या धागाकर्त्याच्या मताला सर्वांत भक्कम आधार इथे मिळतो. पुढे इटालियन रहस्यपटांनी हा रंगीत क्रौर्याचा मार्ग कुठल्या कुठे नेला: दिग्दर्शक दारिओ अर्जेंटोच्या १९७० च्या पहिल्या चित्रपटात बर्लिनचा निर्माता आर्टुर ब्राउनर याची संस्था सहनिर्माती होती, आणि रिआल्टोचे शेवटचे दोन वॉलेसपटही इटालियन दिग्दर्शकांनीच केले. तेव्हा तुलना करायचीच असेल तर १९३१ कडे मागे वळून न पाहता १९७० कडे पुढे पाहून करावी, अशी माझी विनंती आहे.