३५० सीसीच्या अलीकडे की पलीकडे? मध्यम नेकेड मोटारसायकल घेण्याआधी

सिंहगडरस्ता

गेली नऊ वर्षे मी १५० सीसीची एकच मोटारसायकल चालवतो आहे आणि आता ती बदलण्याची वेळ आली आहे. रोज हिंजवडीपर्यंतचे वीसेक किलोमीटर, महिन्यातून एकदा कोल्हापूरजवळच्या गावी जाऊन येणे, आणि गावच्या निम्म्या खेपांना सौ. मागे बसलेली, असा माझा वापर आहे. मला फेअरिंगचे आवरण नसलेली, पाठ फार न वाकवता चालवता येणारी, म्हणजे ज्याला आपण नेकेड म्हणतो तशी गाडी हवी आहे. पुष्कळ वाचून आणि शोरूमच्या खेपा घालून माझे असे मत झाले आहे की आजच्या घडीला माझ्यासारख्याने ३५० सीसीच्या आतलीच गाडी घ्यावी. पैसे भरण्याआधी कोणाला हे मत खोडून काढता आले तर बरे, म्हणून हा धागा काढला आहे.

पहिले कारण अर्थातच कराचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी ३५० सीसीपर्यंत २८ टक्के जीएसटी होता आणि त्यापुढे उपकर धरून ३१ टक्के. आता अलीकडे १८ आणि पलीकडे ४० टक्के आहे. करापूर्वीची किंमत दोन लाख धरली, तर पूर्वी रेषेच्या दोन बाजूंमध्ये सहा हजारांचा फरक पडत असे, तो आता चव्वेचाळीस हजारांचा होतो. शिवाय नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदमच काढावा लागतो, त्याचा हप्ता २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये आणि त्यावरच्या गाडीसाठी १५,११७ रुपये आहे, म्हणजे तिथेही जवळजवळ दुप्पट.

दुसरे कारण रस्त्याचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू यांपैकी कशावरही दुचाकीला प्रवेश नाही. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर आपली कायदेशीर मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. टीव्हीएसच्या अपाची आरटीआर ३१० ची ताकद ३५.६ पीएस (अश्वशक्ती) आहे आणि ट्रायम्फच्या स्पीड ४०० ची ४० पीएस. ८० च्या वेगाने एकसारखे चालत राहायला यातली पाव ताकदही लागत नाही, मग वरच्या साडेचार पीएससाठी मी इतके पैसे का मोजावेत?

तिसरे कारण उन्हाळ्यात हिंजवडीच्या सिग्नलवर उभे राहिल्यावर पटते. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की उजव्या मांडीवर जी झळ येते, ती मोठ्या इंजिनाला अधिक असणार असा माझा अंदाज आहे.

पंचगंगा

तुमचा हिशेब चोख आहे, परंतु त्यात एक आकडा तुम्ही सोयीस्करपणे वगळला आहे. पीएसची तुलना केलीत, टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची, केली नाहीत. आरटीआर ३१० चा टॉर्क २८.७ न्यूटन मीटर आहे आणि स्पीड ४०० चा ३७.५, म्हणजे फरक जवळजवळ तीस टक्क्यांचा. त्यातही आरटीआरचे ३५.६ पीएस मिळतात ते मिनिटाला ९,७०० फेऱ्यांना, तर स्पीडचे ४० पीएस ८,००० ला. रोजच्या वापरात ९,७०० पर्यंत इंजिन कोण नेतो? दोघे बसून, मागे बॅग बांधून खंबाटकी चढताना गिअर न पाडता गाडी ओढते की नाही हे टॉर्कवर ठरते, आणि तुमच्या निम्म्या खेपा तर जोडीनेच होतात.

मी ३९८ सीसीची गाडी गेली अडीच वर्षे चालवतो आहे. एकसारखे चालत राहायला ताकद कमी लागते हे खरे, पण आपल्याकडच्या महामार्गावर एकसारखे चालणे कुठे नशिबात असते? ऊस तोडणीच्या दिवसांत संध्याकाळी कराडच्या पुढे या. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी वीसच्या वेगाने मधल्या मार्गिकेत असतो, मागच्या ट्रॉलीला दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही चिखलाने माखलेला असतो, आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची वाढी हेल्मेटला लागतील इतकी जवळ येतात. त्याला वळसा घालताना मागून बस येत असते. त्या वेळी ४० वरून ८० वर जायला किती क्षण लागतात एवढाच प्रश्न असतो. त्या क्षणांचे पैसे मी मोजले आहेत, ८० च्या वरच्या वेगाचे नव्हे.

कराबद्दल म्हणाल, तर करातला बदल जसाच्या तसा शोरूमच्या किमतीत उतरतोच असे नाही. टक्केवारीवरून अंदाज बांधण्यापेक्षा एकाच दिवशी दोन्ही गाड्यांची ऑन-रोड कोटेशने घ्या आणि मग बोलू.

सिंहगडरस्ता

टॉर्कचा मुद्दा मान्य, अर्धा. चाकापर्यंत पोहोचणारा जोर हा इंजिनाचा टॉर्क आणि गिअरचे गुणोत्तर यांच्या गुणाकारातून येतो, आणि लहान इंजिनाला गिअरिंग तोकडे देऊन कंपन्या पुष्कळशी भरपाई करतात. तीस टक्क्यांचा फरक चाकावर तीस टक्के राहत नाही. एखादा गिअर पाडावा लागला तर बिघडले कुठे? गिअर असतातच त्यासाठी.

पंचगंगा

बिघडत काही नाही, फक्त त्या तोकड्या गिअरिंगमुळे इंजिन त्याच वेगाला अधिक फिरते आणि सिंगल सिलिंडरचे अधिक फिरणे हँडलच्या मुठींतून आणि फूटरेस्टमधून अंगात उतरते. पुणे ते कोल्हापूर सव्वादोनशेच्या वर किलोमीटर आहेत. किणी टोलनाक्यापर्यंत येईतो हाताच्या बोटांना मुंग्या आल्या की मग गुणोत्तराचे गणित आठवून पाहा.

गोदाकाठ

दोघांचेही म्हणणे वाचले. एकजण कर मोजतो आहे, दुसरा टॉर्क मोजतो आहे, आणि मागे बसणाऱ्या बाईला अजून कोणी काही विचारलेले दिसत नाही.

या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची मागची सीट ही शेपटी नाजूक दिसावी म्हणून उरलेल्या जागेत बसवलेली असते. ती वर चढलेली असते, फूटरेस्ट उंच असतात, त्यामुळे गुडघे पोटाशी येतात, आणि ब्रेक लागला की मागची व्यक्ती पुढच्याच्या पाठीवर आदळते. मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला आधार आणि साडीगार्ड असलेच पाहिजे असा मोटार वाहन नियम आहे, म्हणून शोरूममधून गाडी त्यांच्यासह येते आणि पहिल्याच आठवड्यात मालक ती ‘शोभत नाही’ म्हणून काढून टाकतो. सिंहगडरस्ता, तुम्ही चाचणीसाठी एकटेच गेला होतात ना? मग तुमच्या निम्म्या वापराची चाचणी झालेलीच नाही.

आता चालवणारी म्हणून बोलते. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. रॉयल एनफिल्डच्या गुरिल्ला ४५० ची सीट ७८० मिलिमीटरवर आहे आणि आरटीआर ३१० ची ८०० वर. हे दोन सेंटिमीटर वाचून लोक गुरिल्लाकडे वळतात, परंतु तिचे वजन १८५ किलो आहे आणि होंडाच्या सीबी ३००आर चे अवघे १४६. सीटची उंची सिग्नलला पाय टेकण्यापुरती उपयोगी पडते. सोसायटीच्या तळघरातल्या उतारावर, दोन गाड्यांच्या फटीतून मोटारसायकल उलटी ढकलत बाहेर काढताना मात्र एकोणचाळीस किलोंचा फरक रोज सकाळी जाणवतो. शिवाय सीट पुढे रुंद असेल तर पाय बाहेर फाकतात आणि कमी उंचीचा फायदा तिथेच संपतो. याबाबतीत तक्त्यावर विसंबू नका, बूट घालून प्रत्यक्ष बसून पाहा.

माझे मत अलीकडच्या बाजूने आहे, पण कराच्या कारणाने नव्हे.

जुना_मिस्त्री

बावीस वर्षे गॅरेज चालवले, आता मुलगा बघतो. सिंहगडरस्ता यांच्या कराच्या मुद्द्याला मोठे भोक आहे, ते कोणी दाखवले नाही म्हणून लिहितो.

कर नव्या गाडीला आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला आपली जुनी गाडी विकली तर त्यावर जीएसटी नाही. केटीएमची ३९० ड्यूक २०१३ पासून चाकणहून बाहेर पडते आहे आणि स्पीड ४०० जुलै २०२३ मध्ये आली, तीही तिथेच बनते. त्यातल्या कितीतरी गाड्या मालकाला ईएमआय झेपेना किंवा लग्न ठरले म्हणून दहा-बारा हजार किलोमीटरला विकायला निघतात. ज्याला चारशेची गाडी हवी आहे, पण चाळीस टक्के टोचतात, त्याने तिकडे पाहावे.

मात्र जुनी घेताना पुढचे चाक कोणाकडून तरी उचलून धरा आणि हँडल एका बाजूकडून दुसरीकडे अगदी हळू फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत अडकल्यासारखे थबकले तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेला आहे, म्हणजे गाडी खड्ड्यांतून बेफाम पळवली आहे किंवा पुढचे चाक उचलण्याचे खेळ तिच्यावर झाले आहेत. मग हँडलच्या टोकांची वजने, लिव्हरची टोके आणि फूटरेस्टच्या कडा पाहा. दोन्ही बाजूंना घासलेल्या असतील तर गाडी दोनदा पडली आहे, मालक काहीही सांगो. चेन मागच्या स्प्रॉकेटवर (दातेरी चक्रावर) पाठीमागून चिमटीत धरून ओढा. दात दिसण्याइतकी ती उचलली गेली तर चेनसेटचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

आणि एक गोष्ट नवी घेणाऱ्यालाही लागू आहे. यातल्या बहुतेक गाड्यांना डबल स्टँड नसतो. पाचशे किलोमीटरला, पावसाळ्यात त्याहूनही लवकर, चेनला तेल द्यायचे, आणि मागचे चाक फिरवायला वर उचलायची सोय नाही. लोक एक-दोनदा गाडी पुढे ढकलत ढकलत तेल मारतात, मग सोडून देतात. पॅडॉक स्टँडचे, म्हणजे मागचे चाक उचलून धरणाऱ्या सुट्या स्टँडचे, पैसे गाडीच्या किमतीतच धरा.

फोंडाघाट

मिस्त्रीकाकांशी सहमत, पण हा सगळा धागा पुणे, नाशिक आणि कोल्हापुरात बसून चालला आहे म्हणून कणकवलीहून चार ओळी. माझ्याकडे या वर्गातली एक गाडी आहे, कंपनीचे नाव घेत नाही. गेल्या पावसाळ्यात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. इथल्या मेकॅनिकला गाडीचा दोष कळत असूनही तो दिवा पुसायचे यंत्र त्याच्याकडे नव्हते, म्हणून मी भर पावसात फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेलो. तिथे सेन्सरचा जोड स्वच्छ करून वीस मिनिटांत गाडी परत दिली. जाऊन येऊन दोनशे किलोमीटर आणि एक रजा.

तेव्हा ३५० ची रेषा माझ्या लेखी दुय्यम आहे. अधिकृत सेवाकेंद्र घरापासून किती अंतरावर आहे हे आधी पाहावे. ट्रायम्फने स्पीड ४०० साठी सर्व्हिसिंगचे अंतर १६,००० किलोमीटर किंवा एक वर्ष ठेवले आहे, ते आमच्यासारख्यांना सोयीचे वाटते. पुण्यात राहणाऱ्याला त्याचे फार अप्रूप वाटणार नाही.

पंचगंगा

गोदाकाठ ताईंच्या मुद्द्यावर मी निरुत्तर आहे, कारण आमच्या घरीही साडीगार्ड माळ्यावरच आहे. मिस्त्रीकाकांनी तर माझेच काम केले. जुनी चारशेची घेतली तर कराचा मुद्दा निकालात निघतो, उरतो तो पाच वर्षांऐवजी वर्षाचा विमा, आणि तिथला फरक २,८०४ विरुद्ध १,३६६ म्हणजे वर्षाला दीड हजारांच्या आत आहे.

एका गोष्टीत मात्र मी सिंहगडरस्ता यांच्या विरोधात आणखी पुढे जाईन. परवान्याच्या दृष्टीने आपल्याकडे सगळ्या गिअरच्या मोटारसायकली सारख्याच आहेत, अठरा वर्षांचा मुलगा शंभर सीसीवर परीक्षा देऊन थेट हजार सीसीवर बसू शकतो. युरोपात नवख्या चालकांसाठी ३५ किलोवॅटची मर्यादा घालणारा ए२ परवाना आहे, आणि ३९० ड्यूकसारख्या गाड्या त्या मर्यादेच्या आत बेतलेल्या असतात. म्हणजे ज्याला इथे आपण ‘फार मोठी’ म्हणून बिचकतो, ती तिकडे शिकाऊ पायरीची गाडी समजली जाते.

सिंहगडरस्ता

ती तिकडच्या रस्त्यांवरची आणि तिकडच्या प्रशिक्षणानंतरची पायरी आहे, पंचगंगा. तो दाखला तुमच्यापेक्षा माझ्या बाजूने अधिक बोलतो.

झळीबाबतचा माझा अंदाज मागे घेतो. काल एका मित्राची चारशेची गाडी दुपारी दोन वाजता वाकडच्या पुलाखाली वीस मिनिटे अडकवून पाहिली. पंख्याची हवा पायाकडे न येता खाली जात होती, आणि माझ्या जुन्या दीडशेपेक्षा त्रास कमी झाला. तेव्हा ती सीसीची नसून रेडिएटरच्या मागे कंपनीने हवा कुठे वळवली आहे याची बाब दिसते. कराचा मुद्दा नव्या गाडीपुरता कायम आहे, आणि मला जुनी घ्यायची नाही. दुसऱ्याने पहिल्या हजार किलोमीटरांत इंजिन कसे वापरले हे कोनसेटवरून कळत नाही.

गोदाकाठ ताई, तुमचे बरोबर आहे, मी एकटाच गेलो होतो. त्या शोरूममध्ये चाचणी म्हणजे चौकापर्यंत जाऊन वळून येणे, तेही पुढे त्यांचा माणूस स्कूटरवर. सौ.ला घेऊन जातो म्हटल्यावर ‘मागे कोणाला बसवता येणार नाही’ असे उत्तर मिळाले.

पंचगंगा

मग पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा माझी गाडी घ्या आणि वहिनींना मागे बसवून पन्हाळ्याला जाऊन या. वाघबिळाच्या पुढचा चढ पुरेसा आहे. साडीगार्ड माळ्यावरून काढून बसवून ठेवतो.

सिंहगडरस्ता

येतो. पण तीनशेची एखादी गाडीही त्याच दिवशी, त्याच चढावर मिळाली पाहिजे, कोल्हापुरात कोणाकडे असेल तर कळवावे. पेट्रोल माझे.

गोदाकाठ

आणि निकाल वहिनींनी स्वतः इथे लिहावा.