मदत हवी आहे: खडकीची लढाई एकट्याने टेबलावर कशी खेळावी?

नमस्कार मंडळी. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई घरी जेवणाच्या टेबलावर मांडतोय, छोटे खेळण्यातले सैनिक आणि फासे घेऊन. खेळणारा मी एकटाच, म्हणजे पेशव्यांचे सेनापती बापू गोखलेही मीच आणि इंग्रजांचा कर्नल बर (Burr) हाही मीच!

इंग्रजांची बाजू सोपी आहे. जेमतेम २८०० माणसं, एकच रांग, पुढे सरकायचं आणि बार काढायचे. त्यांच्या हालचाली फाशांवर सोडल्या तरी चालतं. अडतंय ते मराठ्यांच्या घोडदळापाशी. गोखल्यांचा हल्ला समोरच्या दलदलीत फसला, कारण ती आधी दिसलीच नाही. मला मात्र ती कुठे आहे हे ठाऊक! मग मी मुद्दाम घोडे तिकडे घालू का? चार-पाच संशयित जागांवर पत्ते उलटे ठेवून, घोडदळ जवळ आलं की एकेक उघडायचा, असं डोक्यात आहे. कोणी करून पाहिलंय? फसलेल्या तुकडीचं मनोधैर्य कसं मोजता?

दुसरं, सहा मिलिमीटरचे घोडेस्वार पुण्यात कुठे मिळतात? बोहरी आळीत बाकी सामान मिळेल, पण दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे इथे चालणार नाहीत, एकेक जण पर्वतीएवढा दिसतो. कागदी कापून उभे केलेले असतील तर फोटो टाका.