मदत हवी आहे: व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी करताना आवाज मागे पडतोय

नमस्कार मंडळी, घरी लग्न, मुंज, बारसं असल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट पडून आहेत, त्या लॅपटॉपवर घेऊन डीव्हीडी करायच्यात कारण आत्याला पेनड्राइव्ह नको, डिस्कच हवी. काकांचा व्हीसीआर अजून चालतोय, तो गेला की संपलंच, जपानच्या फुनाई कंपनीने तर २०१६ मध्येच व्हीसीआर बनवणं थांबवलं. यूएसबी कॅप्चर कार्ड आणलंय, पिवळी-पांढरी-लाल वायर लावली, ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये पाल (आपल्याकडची टीव्ही सिग्नलची पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम ठेवलंय, चित्र छान येतं.

पण थोड्या वेळाने आवाज मागे पडायला लागतो, म्हणजे अक्षता टाकून लोक जेवायला पळाले तरी भटजींचं सावधान चालूच! आणि जिथे टेप खराब आहे तिथे सरळ निळा स्क्रीन. यासाठी टाइम बेस करेक्टर (टेपचा डळमळीत सिग्नल स्थिर करणारं यंत्र) लागतोच का, की मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून भागेल? व्हर्च्युअलडब या व्हिडिओ सॉफ्टवेअरने कोणी केलंय का?

दुसरं म्हणजे ३ तासांची कॅसेट एका ४.७ जीबीच्या डिस्कवर कोंबली तर चित्राची वाट लागेल ना, दोन डिस्क कराव्यात काय? हलताना कडांना दिसणाऱ्या आडव्या रेघा डीव्हीडीसाठी तशाच ठेवायच्या का?

एका कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी आहे, ती व्हीसीआरमध्ये घातलेली नाही, हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) सत्यानाश व्हायचा. पुण्यात अशी टेप नीट साफ करून देणारं कोणी माहितीय का?