ख्रिश्चन कॉलेजात नेमकं शिकतं कोण? तुमचे अनुभव लिहा

भाचीला मुंबईतल्या एका ख्रिश्चन कॉलेजात एफवायला प्रवेश मिळाला. पेढे वाटून झाल्यावर आईने हळूच विचारलं, "तिथे सगळी त्यांचीच मुलं असतील ना गं?" मी हसले खरी, पण धड उत्तर देता आलं नाही.

विल्सन १८३२ चं, झेवियर्स १८६९ चं, नागपूरचं हिस्लॉप १८८३ चं, अहमदनगर कॉलेज १९४७ चं. पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं तिथे शिकली. आणि २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती किती, तर सुमारे १०.८ लाख, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता नाही. मग वर्ग भरतात कोणाने?

कॉलेज चांगलं की वाईट हा वाद नको. बाकावर शेजारी कोण होतं, ते लिहा. तक्रार असेल तर कॉलेजचं नाव टाळा.

दुपारचा_चहा

आमच्या वर्गात साठातले चार. एक गोव्याचा, एक मल्याळी, एक मंगळूरचा, एक वसईचा. चौघांचं आपसातही फारसं जमायचं नाही. बाकी गुजराती, मारवाडी, आम्ही मराठी, थोडे बोहरी. आईंना सांगा, निश्चिंत असा.

शेवगावकर

मी ख्रिस्ती आहे आणि ख्रिश्चन कॉलेजात शिकले. तरी तिथे मी नेमकी कुठे बसत होते, ते अजून नीट कळलेलं नाही. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं घर नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या काळात पणजोबा ख्रिस्ती झाले. आडनाव तुमच्या शेजारच्या गल्लीत सापडेल असंच. उपासना मराठीत, गीतं ना. वा. टिळकांची, पेटी-तबल्यावर. इंग्रजी शाळेत जेवढं शिकवलं तेवढं, ते पण पाठ करून.

प्रवेशाच्या दिवशी वडील सोबत होते. अल्पसंख्याक कोट्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकसाहेबांचं पत्र, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. खिडकीतल्या बाईंनी आधी फॉर्म बघितला, मग माझ्याकडे, मग परत फॉर्म. "आडनाव हे, आणि ख्रिश्चन?" वडील म्हणाले, "हो मॅडम, चार पिढ्या." पत्र मराठीत होतं. "इंग्लिशमध्ये नाही का?" नव्हतं. वडील त्याच रात्री गाडीने परत गेले आणि तिसऱ्या दिवशी इंग्रजी पत्र घेऊन आले. पाळकसाहेबांनी ते शाळेतल्या सरांकडून लिहून घेतलं होतं.

वर्गात गंमत वेगळीच. कॅथलिक मुलींना वाटायचं हिला सगळं येत असणार. पहिल्या मिस्साला, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या उपासनेला, नेलं. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, काही माहीत नाही. त्या कपाळ-छाती-खांदे असा क्रूस करायच्या. आमच्या चर्चमध्ये ती पद्धत नाही. मी आपली डोळे मिटून उभी. एकीने नंतर विचारलं, "तू नवीन आहेस का यात?" मराठी हिंदू मुलींना वाटायचं ख्रिश्चन म्हणजे इंग्रजी फाडफाड. सबमिशनचा अर्ज लिहायची वेळ आली की सगळ्या माझ्याकडे!

शेवटी जमलं ते लांज्याच्या एका मुलीशी, कारण तीही वर्गात तोंड उघडायला घाबरायची. तीन वर्षं लायब्ररीत आम्ही एकाच टेबलावर.

आणखी एक. हॉस्टेलला आमच्याच तालुक्यातली एक मुलगी होती, नवबौद्ध. तिच्या आणि माझ्या पणजोबांची जात एकच. तिला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, मला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना होता, मग १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती त्यात नाहीत. तिने मला एकदा विचारलं, "तुला नाही का ग मिळत?" मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमच्या पणजोबांनी घाई केली." दोघी खूप हसलो.

निवृत्त_मास्तर

अशाच एका कॉलेजात तीसेक वर्षं शिकवलं, म्हणून थोडं नियमांचं.

राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढता आणि चालवता येतात. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या सेंट स्टीफन्सच्या खटल्यात सांगितलं, की अनुदानित अल्पसंख्याक संस्थेला ५० टक्क्यांपर्यंत जागा आपल्या समाजासाठी ठेवता येतील (२००२ च्या निकालानंतर हे प्रमाण राज्याने ठरवायचं). पण ५० टक्के ठेवता येणं आणि ५० टक्के भरणं यात अंतर आहे. आमच्याकडे कोटा एकाही वर्षी पुरता भरला नाही. उरलेल्या जागा सर्वांना खुल्या व्हायच्या. म्हणून वर्गात देशपांडे, शेख, शहा आणि डिसोझा, बहुधा याच क्रमाने.

दुसरी भीती पालक दबक्या आवाजात विचारतात : "प्रार्थनेची सक्ती आहे का हो?" कलम २८ (३) वाचा. अनुदानित किंवा सरकारमान्य संस्थेत संमतीशिवाय कोणालाही धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. आमच्या चॅपलमध्ये (कॉलेजातल्या छोट्या चर्चमध्ये) गर्दी व्हायची ती परीक्षेच्या आठवड्यात, आणि त्यात चपला बाहेर काढून येणारेच जास्त.

अर्धा_तिकीट

मास्तरांचं कायद्याने बरोबर असेल. माझी तक्रार वेगळी आहे. धर्माचा मला तीन वर्षांत कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो मीडियमचा. कॅन्टीनमध्ये दोन टोकं. खिडकीकडे कॉन्व्हेंटवाले, त्यांत ब्राह्मण, पारशी, सिंधी, ख्रिश्चन सगळे गुण्यागोविंदाने. दाराकडे आम्ही, त्यांतही सगळ्या जातीधर्माचे. फेस्टिवलच्या कमिटीत आमच्याकडून कोण, तर खुर्च्या लावायला. प्राध्यापकांना सांगितलं तर म्हणाले, "यू शुड मिक्स मोअर." मिसळायला भाषा लागते की!

शेवगावकर, तुम्ही आमच्याकडे दाराशी बसला असता.

पापडी_लोकल

मी वसईची, कॅथलिक, घरी सामवेदी ही वसईकडची बोली बोलतो. पहिल्या वर्षाचा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. पहाटे देवळात जाऊन (हो, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) कपाळावर राखेचा क्रूस घेतला आणि तशीच गाडीत चढले. उपवासाचा दिवस, गर्दी, घाम. कॉलेजच्या पायऱ्यांवर मैत्रीण भेटली. "अगं, काहीतरी काळं लागलंय!" म्हणत तिने रुमाल थुंकीने ओला केला आणि मायेने खसखसून पुसला. मी काही बोलायच्या आत क्रूस साफ.

तिला सांगितलं तेव्हा ती रडायलाच लागली. दुपारी चॅपलमध्ये मिस्सा होती, तिथे मला ओढत घेऊन गेली आणि रांगेत माझ्या मागे उभी राहिली. पाळी आल्यावर तिनेही कपाळ पुढे केलं. फादरांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी घरी तिच्या आजीने म्हणे विचारलं, "अंगारा कुठला गं?"

बी_डी_पास

सगळे ख्रिस्तीच असलेलं कॉलेज बघायचं तर सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, या. मी पुण्याला एका सेमिनरीत बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) केलं. आपल्याकडच्या अनेक सेमिनरींची ही पदवी सेरामपूरची असते. बंगालमधलं हो ते, १८१८ चं. आपलं साखर कारखान्यांचं श्रीरामपूर नव्हे, हे मला प्रत्येक नातेवाइकाला सांगावं लागलं.

तिथे एकूणएक विद्यार्थी ख्रिस्ती, आणि तरी पहिल्या महिन्यात मी इतका एकटा कधी नव्हतो. मिझो, नागा, तेलुगू, मल्याळी, ओडिया. मिझो मुलं जेवणानंतर गिटार घेऊन चार सुरांत गायची. आम्ही मराठी तिघं, आमची भजनं एका सुरात. ज्याने-त्याने आपली उपासना हीच खरी असं धरलेलं. कोण बुडवून बाप्तिस्मा घेतो आणि कोणाला तान्हेपणी पाणी शिंपडलं, यावरून मेसमध्ये ताटं निवेपर्यंत वाद. बाहेरचा कोणी आला असता तर त्याला वाटलं असतं, यांचे पाच धर्म आहेत.

सा_रे_ग

पापडी_लोकल, रुमालाचा किस्सा आईला वाचून दाखवला. आता आमचा.

नाताळच्या कार्यक्रमाला कॉलेजचा क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट. वरच्या पट्टीत दोन जोशी, एक पटेल आणि मी. मुलांत शेख, कुलकर्णी, एक सरदारजी. सिस्टर फार कडक, लॅटिन शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून पाठ करून घ्यायच्या. आमच्यात खराखुरा ख्रिश्चन मुलगा एकच, आणि तो इतका बेसूर, की सिस्टरनी त्याला पुढे मेणबत्ती धरून उभं केलं आणि सांगितलं, "बाळा, तू फक्त ओठ हलव."