मदत हवी आहे : मोडी कागदातला 'जाज फिरंगी' कोण?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शुक्रवार पेठेत राहतो.

आजोबांच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेलं मोडी कागदांचं दप्तर निघालं. कडा कसरीने खाल्ल्यात. ओळखीच्या एका काकांनी एका कागदावरचं 'जाज फिरंगी' आणि 'अपा खंडेराव' एवढंच लावलं, पुढची शाई उडालीय. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

हा जॉर्ज थॉमस तर नसेल? आयर्लंडचा गरीब खलाशी. मद्रासला जहाज सोडून पळाला, मेरठजवळच्या सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू हिच्या फौजेत शिरला, मग शिंद्यांचे सरदार अप्पा खंडेराव यांच्या पदरी राहिला. पुढे पठ्ठ्याने हांसीला (आजच्या हरियाणात) स्वतःचंच राज्य मांडलं. पडका किल्ला दुरुस्त केला, टांकसाळ घातली, तोफा ओतल्या. लोक त्याला जहाजसाहेब म्हणत. १८०१ मध्ये शिंद्यांच्याच कवायती फौजेने त्याला घेरलं. १८०२ मध्ये कलकत्त्याच्या वाटेवर बहरामपूरला तो वारला. इतका मराठ्यांत वावरलेला माणूस, आणि आपल्याकडे त्याचं नावही कुणी घेत नाही, याचं फार वाईट वाटतं.

अप्पा खंडेरावांचा पत्रव्यवहार मराठीत कुठे छापलाय का? उत्तरेतला कागद करवीरला कसा आला असेल? आणि उडालेली शाई वाचू शकेल असा कोल्हापूर-सांगलीकडचा मोडी जाणकार कुणाला माहीत आहे का? कागद पोस्टाने पाठवायची हिंमत होत नाही, मी स्वतः घेऊन येईन.