स्वतंत्र जपानी आयडॉल गटांचा चाहता: आश्रयदाता की गिऱ्हाईक?

निशीकासाईकर:
जपानमध्ये ‘आयडॉल’ म्हणजे गाऊन-नाचून स्वतःचा चाहतावर्ग जमवणारे तरुण कलाकार, येथे मुख्यतः मुली. मोठ्या कंपनीचे पाठबळ नसलेल्या अशा आयडॉल गटांचा, म्हणजे जपानमध्ये ज्यांना ‘चिका आयडॉल’ म्हणतात त्यांचा, मी चाहता आहे. ‘मुलींबरोबर फोटो काढायला पैसे मोजायचे, ही कसली गाण्याची आवड?’ असा शेरा तोक्योतल्या मराठी मित्रांकडून वरचेवर ऐकू येतो, म्हणून हा धागा काढत आहे.

तळघरातल्या छोट्या लाइव्ह हाऊसमध्ये एकाच संध्याकाळी अनेक गट पाळीपाळीने गातात. अशा कार्यक्रमाला ‘ताइबान’ म्हणतात. आत जाताना दारावर ‘आज कोणत्या गटासाठी आलात?’ असे विचारतात, कारण पुष्कळदा त्या उत्तरावरूनच गटाचा वाटा ठरतो. तिकिटातून मात्र फारसे काही सुटत नाही. खरी मिळकत नंतरच्या ‘चेकी’तून होते: आवडत्या गायिकेबरोबर झटपट कॅमेऱ्याने काढलेला फोटो, त्यावर तिची सही आणि मिनिटभर गप्पा, यांसाठी साधारण हजार ते दोन हजार येन पडतात. याच पैशावर गाणी ध्वनिमुद्रित होतात आणि पोशाख शिवले जातात. कोणत्याही वाहिनीने हात लावला नसता अशी पंक, नॉइझ (गोंगाटालाच संगीत मानणारी शैली) किंवा प्रायोगिक वळणाची गाणी या गटांना करता येतात, ती आमच्यासारख्यांच्या जोरावर. २०१५ मध्ये लहानशा व्यवस्थापनाने उभा केलेला ‘बिश’ हा गट २९ जून २०२३ रोजी थेट तोक्यो डोम या भव्य स्टेडियममध्ये निरोप घेतो, याला मी लोकाश्रय म्हणतो.

साक्षेपी:
उदाहरण सोयीचे निवडले आहे. ‘बिश’ २०१६ मध्येच एव्हेक्ससारख्या बड्या संगीत कंपनीच्या छत्राखाली गेला होता. डोमपर्यंतची वाट चेकीच्या पैशाने बांधली, असे म्हणता येणार नाही.

माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. तमाशातल्या दौलतजादेत पैसा फेकणाऱ्याला निदान नावाचा पुकारा मिळत असे. येथे त्याला ‘ती फक्त माझी आहे’ हा भास विकला जातो आणि तो टिकावा म्हणून मुलींच्या करारांत प्रेमबंदी घातली जाते. सप्टेंबर २०१५ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने सतरा वर्षांच्या एका माजी आयडॉलला हे कलम मोडल्याबद्दल सुमारे साडेसहा लाख येन भरायला लावले. तो करार कोणाच्या समाधानासाठी होता, याचे उत्तर चाहत्यांनी द्यावे.

नीगाताप्रेमी:
साक्षेपी, निकाल अर्धेच सांगितलेत. जानेवारी २०१६ मध्ये त्याच न्यायालयातील दुसऱ्या न्यायाधीशांनी अशाच एका प्रकरणात कंपनीची भरपाईची मागणी फेटाळली आणि प्रेमसंबंध हा सुखाच्या शोधाच्या अधिकाराचा भाग असल्याचे नमूद केले.

शिवाय ‘नेगिक्को’कडे पाहा. नीगाता प्रांतातल्या नेगीच्या, म्हणजे लांब दांड्याच्या पातीच्या कांद्याच्या, प्रचारासाठी २००३ मध्ये हा गट जेमतेम महिनाभरासाठी उभा केला होता. (कांद्याच्या प्रचाराला गायिका, ही कल्पना लासलगावात कोणाला कशी सुचली नाही, कोण जाणे.) तो पुढे वर्षानुवर्षे चालला, तिघीही गायिकांनी लग्ने केली, तरी गट मोडला नाही आणि चाहतेही पांगले नाहीत. प्रेमबंदी ही चाहत्यांची अट नसून व्यवस्थापकांची भीती आहे.

कुमुदिनी_पुणे:
नेगिक्कोचे चाहते गटाबरोबरच वयाने वाढले. विशीतल्या नव्या गटाला तो दिलासा लागू होत नाही. मी स्वतः या गाण्यांची चाहती आहे आणि काही कार्यक्रमांत स्त्रियांसाठी राखीव जागा असते, तिचे मोल जाणते. मात्र चेकीच्या रांगेत एकच मनुष्य पुनःपुन्हा उभा राहतो, तेव्हा समोरच्या मुलीला दरवेळी तितक्याच उत्साहाने हसावे लागते. या श्रमाला गाण्याच्या आश्रयाचे नाव देणे मला मान्य नाही.

निशीकासाईकर:
‘बिश’बाबतचा आक्षेप मान्य आहे. मात्र कुमुदिनीताई, चेकी बंद झाल्या तर यांतले बहुतेक गट महिनाभरही तग धरणार नाहीत आणि त्या मुलींचे रंगमंचही जातील.

साक्षेपी:
चेकी बंद करा, असे येथे कोणीही म्हटलेले नाही. तुम्ही दिलेल्या दोन हजार येनपैकी तिच्या हाती किती पडतात, एवढे तुमच्या आवडत्या गटाच्या व्यवस्थापकाला विचारून येथे लिहा. मग आश्रयदाता कोणाचा, ते ठरवू.